अर्धी गाठ

मला तिचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला फार सोज्ज्वळ बाई समजायला नको. हेवा म्हणजे असा तसा नव्हे. तिचा विषय निघाला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि तोंडाने मात्र मी म्हणायचे, "अगं बाई, छान चाललंय हो तिचं."

आम्ही दोघी एकाच वर्षी पॅथॉलॉजी शिकलो. शरीरातून काढलेली गाठ कापायची, तिचे कागदाहून पातळ काप काचेवर घ्यायचे, रंगवायचे, आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं की आजार कोणता. आमच्या विभागात बरा म्हणावा असा मायक्रोस्कोप एकच होता. मी सातच्या ठोक्याला पोचले तर ही पावणेसातलाच त्याच्यासमोर बसलेली. शेवटच्या परीक्षेत ती पहिली आली आणि मी दुसरी. दुसरी आलेली बाई पहिलीला जन्मभर विसरत नाही. पहिलीला मात्र दुसरी कोण होती ते आठवतही नसतं.

पुढे लग्न होऊन ती अमेरिकेला गेली. मी सदाशिव पेठेत एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत लॅब थाटली. एक मायक्रोस्कोप, एक मी, आणि आमच्या टेक्निशियन बाई. दुपारी एक ते चार लॅब बंद. बंद म्हणजे बंद. तशी पाटीच होती, आणि पाटी वाचूनही बेल वाजवणाऱ्याला बाई दार न उघडता आतूनच विचारायच्या, "वाचता येतं ना?" तरी लोक यायचे. पेठांमधले आणि पुलापलीकडचे सर्जन माझ्याकडेच गाठी पाठवायचे, कारण माझा रिपोर्ट चुकत नाही असं ते म्हणायचे. तेवढ्यावर माझं पोट भरत होतं आणि मनही.

मग पुण्यात आयटी आलं. कोथरूडच्या पलीकडे, औंधच्या पलीकडे, जिथे आम्ही हुरडा खायला जायचो तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आणि त्या वाऱ्याबरोबर ही बाई परत आली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, आणि हिने बाणेरच्या रस्त्यावर लॅब काढली. दार आपोआप उघडणारं. आत एसी, टोकनचं मशीन, इंग्रजीत बोलणाऱ्या मुली, आणि आम्ही फक्त पुस्तकात वाचलेले खास रंग करून देणारी यंत्रं. दुपारी बंद वगैरे काही भानगड नाही. उद्घाटनाला गेले होते मी. पेढा खाल्ला. तो कडू लागला असं म्हणणार नाही, चांगला होता, त्याचाही राग आला.

हळूहळू माझे सर्जन तिकडे सरकायला लागले. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी बाईंना म्हणाले. बाई सुरीला धार लावत म्हणाल्या, "मॅडम, कान आपला, मिरची तिची. आपण कशाला चोळायची?"

एक सर्जन तेवढे माझे राहिले होते. पुलापलीकडे त्यांचं छोटं नर्सिंग होम. पंधरा वर्षं त्यांची एकही गाठ दुसरीकडे गेली नव्हती. आमच्याकडे तेव्हा रीत अशी, की ऑपरेशन झालं की गाठ औषधाच्या पाण्यात घालून बरणी नातेवाइकाच्याच हातात द्यायची. मग तो बिचारा ती पिशवीत घालून, स्कूटरच्या हँडलला लटकवून, खड्डे चुकवत लॅबपर्यंत आणणार.

असेच एक गृहस्थ एकदा एकला दहा कमी असताना जिना चढून आले. सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, नागपूरकडचे, बोलण्यात मऊ. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मुलगी सत्तावीस वर्षांची, हिंजवडीला आयटीत. तिच्या छातीतली गाठ काढली होती. तिच्याबद्दल कौतुकाने सांगत होते, की पुढच्या महिन्यात कंपनी तिला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवतेय, आमच्या घराण्यातली विमानात बसणारी ती पहिली.

बाईंनी बरणी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "मॅडम, ही अर्धीच आलीय."

खरंच अर्धी होती. एक बाजू गोल, गुळगुळीत, आणि दुसरी सपाट, सुरीने सरळ कापलेली. मंडईत अर्धा कोबी मिळतो ना, तशी.

"हो जी, अर्धीच आहे," गृहस्थ म्हणाले. "पोरीच्या ऑफिसातले म्हणाले, आजकाल दोन ठिकाणी दाखवतात. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, दोन भाग करू, दोन्हीकडे एकदमच जाईल. दुसरी बरणी घेऊन तिची मैत्रीण बाणेरला गेली."

बाणेर म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय झालं ते मला अजून आठवतं. गाठ अशी वाटून घ्यायची नसते. ती अख्खी एकीने बघायची, आणि दुसरं मत हवं असेल तर तिच्याच काचा दुसरीला दाखवायच्या. एकाच गाठीचा एक कोपरा साधा आणि दुसरा भलताच असू शकतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्याच क्षणी मी सर्जनना फोन करायला हवा होता. पण मला गाठ दिसतच नव्हती. मला एवढंच दिसत होतं की माझा शेवटचा सर्जन अर्धा गेला, आणि गेला तो तिच्याकडे.

"काप तेवढीच," मी बाईंना म्हणाले. बाईंना मी कधी एकेरी बोलत नसे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग रजिस्टर उघडून त्यांनी नोंद केली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काचा तयार झाल्या. छातीत निघणाऱ्या गाठींत तरुण पोरींच्या बहुतेक गाठी साध्या असतात. बोटाखाली चिंचोक्यासारख्या सरकतात, काढल्या की संपलं. ही त्यांच्यासारखीच दिसत होती. फक्त तिच्यात लांबट फटी होत्या आणि फटींच्या कडेने पानांसारखे पदर निघालेले. अशा पानांच्या गाठीची एक जात असते, फायलॉइड्स म्हणतात तिला. दुर्मीळ. इतक्या वर्षांत मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या असतील. ती साध्या गाठीचं सोंग घेते, नुसती सोलून काढली तर परत येते, आणि तिच्यातली वाईट असली तर रक्तावाटे फुप्फुसापर्यंत जाते. म्हणून ती भोवतालच्या बोटभर चांगल्या भागासकट काढावी लागते.

माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू, आलं होतं. कापलेल्या सपाट कडेला पेशींची दाटी वाढलेली दिसत होती, म्हणजे पुढे काहीतरी होतं आणि ते पुढचं माझ्याकडे नव्हतं. बाणेरला होतं. फोन समोर होता. तिचा नंबर डायरीत होता. नुसतं एवढं विचारायचं होतं, "अगं, तुझ्या अर्ध्यात काय दिसतंय?"

नाही विचारलं. मी का विचारू? तिला गरज असेल तर ती विचारेल. ती काय मोठी शहाणी लागून गेली? पानं थोडीच आहेत, एवढी साध्या गाठीतही कधी कधी असतात, असं मी स्वतःला पटवलं. आणि एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती: तिचे खास रंग व्हायला आठवडा लागतो. मी तिसऱ्या दिवशी रिपोर्ट दिला. साधी गाठ, काळजीचं कारण नाही. गाठ अर्धीच आली होती हे त्यात लिहिलं नाही. अर्धी लिहिलं असतं तर उरलेली अर्धी कुणाकडे, हे आपोआप आलं असतं, आणि माझ्या कागदावर मला ती नको होती.

अकरा दिवसांनी ते गृहस्थ परत आले. या वेळी साडेअकराला, पाटी सांभाळून. पेन खिशाला होतं, पण दाढी दोन दिवसांची. त्यांनी दोन कागद टेबलावर ठेवले. एक माझा. दुसरा जाड, गुळगुळीत, कोपऱ्यात रंगीत चिन्ह असलेला. त्यावर लिहिलं होतं, सार्कोमा. हाही दुर्मीळच, पण घातकी कॅन्सर.

"मॅडम, गाठ एक आणि जाती दोन, असं कसं होते जी?" ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, वाईट धरून चालू. पूर्ण छाती काढू, काखेतल्या गाठी काढू, मग केमो. आणि पोरगी म्हणते, मला काही झालंच नाही, मी जाणार. पुढच्या शुक्रवारचं तिकीट आहे तिचं. तुम्ही सांगा, खरं कोणतं?"

आता लाजिरवाणी गोष्ट सांगते. तो दुसरा कागद वाचल्यावर मला पहिल्यांदा आनंद झाला. चुकली! अमेरिकेत शिकून, एवढी यंत्रं लावून बाई चुकली! साध्या गाठीला कॅन्सर म्हणाली! पाच-सात सेकंद असेल, पण चांगला पोटातून आलेला आनंद होता तो. मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. माझा कागद त्यांनी तळहाताखाली दाबून धरला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून. तिचा कागद मोकळाच होता.

"बसा," मी म्हणाले, आणि आत जाऊन काचा काढल्या.

ती सपाट कड पुन्हा बघितली. अकरा दिवसांत काच काही बदलत नाही. दाटी तिथेच होती. बाई न विचारता शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी रजिस्टर उघडून माझ्या कोपराशी ठेवलं. त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'अर्धी गाठ. उरलेली अर्धी दुसरीकडे.' खाली दोन रेघा मारलेल्या.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही काप म्हणालात."

मी काचांची पेटी पर्समध्ये घातली, त्या गृहस्थांना म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबा, कुणालाही काहीही कापू देऊ नका," आणि रिक्षा केली. विद्यापीठाच्या चौकात रिक्षा अर्धा तास अडकली. एवढा वेळ मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. तिने तरी का फोन केला नाही? तिच्याकडेही अर्धीच गेली ना? सगळं शहाणपण काय मीच दाखवायचं?

दार आपोआप उघडलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "टोकन घ्या मॅम." मी डॉक्टर आहे म्हटलं, तर म्हणाली, "हो मॅम, तरी टोकन घ्या." घेतलं. त्रेसष्ट नंबर. आतल्या गार हवेत मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते, तेवढ्यात ती केबिनमधून बाहेर आली. केस पांढरे झाले होते तिचे, रंगवलेले नव्हते. मी माझे रंगवत होते.

"अगं! तू टोकन घेऊन बसलीस?"

"नियम आहे तुझा," मी म्हणाले. "माझ्याकडे असता तर मीही पाळायला लावला असता."

ती हसली. मी पेटी पुढे केल्यावर हसू गेलं. एकही प्रश्न न विचारता तिने मला आत नेलं.

तिच्याकडे दोघींनी एकदम बघता येईल असा दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप होता. त्याचाही हेवा वाटला, हो, त्या वेळीसुद्धा. आधी तिची काच ठेवली. वेड्यावाकड्या, माजलेल्या पेशींचं रान. एकही फट नाही, एकही पान नाही. मी असते तर मीही सार्कोमाच म्हणाले असते. मग तिने माझी काच ठेवली आणि हळूहळू सरकवत त्या सपाट कडेपर्यंत आणली. माझ्या कडेची दाटी जिथे संपत होती तिथून तिचं रान सुरू होत होतं.

"पानं," ती म्हणाली. "माझ्याकडे पानं आलीच नाहीत गं."

"माझ्याकडे पानंच आली," मी म्हणाले.

ना साधी गाठ, ना नुसता सार्कोमा. फायलॉइड्स, वाईट जातीची. हा नुसता नावाचा घोळ नव्हता. माझ्या रिपोर्टवर ती मुलगी पुढच्या शुक्रवारी विमानात बसली असती आणि गाठ परत आली असती, कदाचित फुप्फुसात. तिच्या रिपोर्टवर डॉक्टर सत्ताविसाव्या वर्षी तिची सगळी छाती आणि काख काढणार होते, वर केमो. फायलॉइड्सला त्यातलं बहुतेक काही लागत नाही. ती काखेत सहसा जात नाही, केमोला फारशी दाद देत नाही. पहिल्या जखमेभोवतीचा बोटभर भाग सगळ्या बाजूंनी काढायचा, आणि छाती मोठी असून गाठ लहान असली तर छाती वाचते. हिची वाचणार होती.

आम्ही एकच रिपोर्ट लिहिला. आधी कुणाची सही, यावर दोघी पेन हातात धरून थांबलो. शेवटी ती म्हणाली, "तू कर, तुझ्याकडे पानं होती." केली मी. उगाच नको-नको म्हटलं नाही.

कागदी कपातला चहा आला. कपाच्या कडेकडे बघत ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, उरलेली अर्धी तुझ्याकडे आहे. बरणी आणणारी मैत्रीण बोलली होती. तुला करायला फोन उचललाही होता मी. पण वाटलं, तू म्हणशील, एवढी यंत्रं आणली आणि शेवटी मलाच विचारतेय. तू नेहमी नुसत्या डोळ्यांनी माझ्या आधी ओळखायचीस. मला फार राग यायचा त्याचा."

मी चहा पीत राहिले. तिने विचारलं, "तुला माहीत होतं का गं, माझ्याकडे आहे ते?"

"नाही," मी म्हणाले.

घ्या! कबुली देण्यातसुद्धा ती पावणेसातलाच येऊन बसली होती. परतीच्या रिक्षात मला तिच्या त्या कबुलीचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्या आपोआप उघडणाऱ्या दाराचा कधी वाटला नव्हता.

सर्जनना आम्ही दोघींनी मिळून झाडलं. ते म्हणाले, "अहो, दोघींचं मन राखायला गेलो." मी म्हटलं, "आमची मनं नका राखू, गाठ राखा." मंगळवारी दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी तुकडा अख्खा आला. तो बाणेरला गेला, आणि तिथून माझी मैत्रीण स्वतः गाडीतून तो घेऊन माझ्या जिन्यावर आली. दुपारी अडीचला. बाईंनी पाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि दार उघडलं. कड कुठली ते काचेवर ओळखता यावं म्हणून सगळ्या कडांना शाई लावून आम्ही तो तिघींनी मिळून कापला. चारही बाजू, वर, खाली, सगळीकडे कडा स्वच्छ निघाल्या. मुलीचं तिकीट रद्द झालं. त्यानंतर बरीच वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी होत राहिली. ती ठणठणीत आहे, सांगून ठेवते.

त्या दुसऱ्या ऑपरेशनचा रिपोर्ट न्यायला ती मुलगी स्वतः आली. तोवर मी तिला पाहिलंही नव्हतं, नुसती तिची अर्धी गाठ पाहिली होती. जीन्स, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डोळे वडिलांसारखे. मी तिला बसवलं आणि जे त्या केबिनमध्ये बोलले नव्हते ते बोलले. की गाठ अर्धी आहे हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. उरलेली कुठे आहे तेही माहीत होतं. मला शंका आली होती, आणि मी फोन केला नाही, रिपोर्टात लिहिलंही नाही. आजारामुळे नाही, कामाच्या गर्दीमुळे नाही. माझ्या पोटदुखीमुळे.

आतल्या खोलीतला बाईंचा आवाज थांबला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "दोन्ही रिपोर्ट मी घरी शेजारीशेजारी ठेवले होते. बाबा म्हणत होते, तिकडची लॅब मोठी आहे, मशिन्स आहेत, त्यांचंच खरं असणार. ऑफिसमध्येही सगळे तेच म्हणाले. मी सगळ्यांशी भांडले. म्हटलं, नाही, सदाशिव पेठेतल्या मॅडमचाच रिपोर्ट खरा आहे. मी तोच धरून चालणार."

परीक्षेच्या निकालापासून मी याचीच वाट बघत होते. कुणीतरी आम्हा दोघींचे कागद शेजारीशेजारी ठेवावेत आणि माझा उचलावा. या पोरीने उचलला होता.

तिने पर्समधून तो काढला. घड्यांवर विरलेला, कितीतरी वेळा उघडून वाचलेला. "हा आता नको ना?" तिने विचारलं आणि टेबलावर ठेवला. नवीन रिपोर्ट घेऊन ती जिना उतरून गेली. मी तो कागद उलगडला. साधी गाठ, काळजीचं कारण नाही. खाली माझी सही होती, वाकडी, बाणेरच्या आधी पोचायच्या घाईत केलेली.